हेरिटन्स कंदलामा, दंबुल्ला: जंगलात काँक्रीटचे घर बांधू पाहणाऱ्यांसाठी एक परीक्षण

श्रीलंकेच्या मध्यभागी, दंबुल्ला गावापासून थोड्या अंतरावर, कंदलामा तलावाच्या काठी एका कड्याला बिलगून हेरिटन्स कंदलामा हे हॉटेल उभे आहे. या हॉटेलाविषयी पर्यटकांनी लिहिलेले अभिप्राय बहुतेक तलावाचे दृश्य, खोल्यांच्या सज्जांत येणारी माकडे आणि न्याहारीची रेलचेल यांभोवती फिरतात, आणि त्यांत वावगे काही नाही. माझे परीक्षण मात्र एका ठरावीक वाचकासाठी आहे. दापोली, संगमेश्वर, सावंतवाडी, आंबोली किंवा गोव्यातील सत्तरी या भागांत झाडीतली जमीन घेऊन तिथे आधुनिक काँक्रीटचे घर बांधण्याचा विचार ज्याच्या मनात घोळतो आहे, असा तो वाचक. जंगलातल्या काँक्रीटची चर्चा निघाली की कंदलामाचे छायाचित्र कोणीतरी दाखवतेच: मजल्यामागून मजला वेलींनी झाकलेला, इमारत संपते कुठे आणि रान सुरू होते कुठे हे कळू नये असा. आपल्यालाही असेच हवे, असे पाहणाऱ्याला वाटते. म्हणून या हॉटेलातला मुक्काम म्हणजे एका परीने नमुन्याच्या घरात राहून पाहणे आहे, आणि त्याच कसोटीवर मी ते पाहिले. माझे मत आधीच सांगतो. इमारत अप्रतिम आहे. पण तिच्यातले उचलण्यासारखे जे आहे ते छायाचित्रात येत नाही, आणि छायाचित्रात जे येते ते कोकणात जसेच्या तसे उचलले तर काही पावसाळ्यांतच घर गळू लागेल.

ही इमारत जेफ्री बावा (१९१९–२००३) या श्रीलंकेच्या वास्तुविशारदाची आहे. बावा आधी वकील होते, वास्तुशास्त्राकडे उशिरा वळले आणि १९५७ साली लंडनमधून पात्र वास्तुविशारद होऊन परतले. कंदलामाचे काम त्यांनी हाती घेतले तेव्हा त्यांनी सत्तरी ओलांडलेली होती आणि तीन दशकांहून अधिक अनुभव गाठीशी होता. १९९१ ते १९९४ या काळात हॉटेल आकाराला आले. एटकेन स्पेन्स या मालक कंपनीच्या मनात सिगिरियाच्या प्रसिद्ध शिळादुर्गाच्या पायथ्याची जागा होती. बावांना ती पटली नाही. त्यांनी हेलिकॉप्टरमधून परिसर पाहिला आणि सिगिरियापासून सुमारे अकरा किलोमीटरवरची, तलावाकडे तोंड करून असलेली ही कड्याची जागा सुचवली. सिगिरिया दुरून दिसावा, त्याच्या अंगावर आपण जाऊ नये, हा त्यामागचा विचार. घर बांधणाऱ्याने इथूनच शिकायला सुरुवात करावी. आपल्याकडे जमीन घेतली की तिच्यातला सर्वांत उंच आणि मोकळा ठिपका घरासाठी धरला जातो. तिथे बुलडोझर लावून सपाटी केली जाते आणि मग ज्या झाडीसाठी जमीन घेतली तीच नाहीशी होते. बावांनी सर्वांत चांगले दृश्य असलेल्या जागेवर बांधले नाही. ते दृश्य जिथून चांगले दिसेल तिथे बांधले.

हॉटेलात शिरण्याचा मार्गही या विचाराला धरून आहे. रस्ता झाडीतून वळत मागच्या बाजूने येतो. समोर इमारत अशी दिसतच नाही; काँक्रीटचे एक प्रचंड छत तेवढे खडकाच्या शेजारी पुढे आलेले असते, गुहेचे तोंड असावे तसे. तिथून खडकाला लागून जाणाऱ्या अंधाऱ्या, वळणाच्या वाटेने आत जावे लागते, आणि ती वाट संपते तिथे एकदम तलाव, पलीकडची डोंगररांग आणि दूरवरचा सिगिरिया उघडा होतो. पुढे ज्याचा काठ दिसत नाही असा जलतरण तलाव आहे, त्यामुळे त्याचे पाणी आणि खालच्या मोठ्या तलावाचे पाणी एकच भासते. हे सारे नाट्यमय आहे हे खरे, पण त्याला व्यवहाराची बाजूही आहे. बाहेरच्या रणरणत्या उन्हातून आलेल्या माणसाचे डोळे आणि अंग दोन्ही त्या सावलीच्या वाटेत निवतात. जुन्या कोकणी घरांत अंगण, पडवी, ओटी, माजघर अशी उतरत्या उजेडाची जी रांग असते, तिचे काम हेच आहे. आधुनिक घराच्या नकाशात मोठ्या काचेच्या दारातून थेट दिवाणखान्यात प्रवेश असतो, आणि मग आत शिरताक्षणी पडदा ओढून वातानुकूलन यंत्र लावावे लागते.

आता इमारतीच्या खऱ्या गाभ्याकडे येतो. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ही इमारत जवळपास एक किलोमीटर पसरलेली आहे, खोल्या १५२ आहेत, आणि तरी कुठल्याही ठिकाणी तिची जाडी एका खोलीपेक्षा फारशी जास्त नाही. एका बाजूला कडा, मग उघडा सज्जा किंवा वावरण्याची वाट, मग खोली, मग खोलीचा सज्जा आणि त्यापुढे रान, असा तिचा छेद, म्हणजे आडवा काप, आहे. वाटेवरून चालताना एका हाताला खरा खडक असतो. तो कापून गुळगुळीत केलेला नाही, त्याला टेकून भिंत बांधलेली नाही, काही ठिकाणी तो वाटेत घुसलेला आहे आणि वाट त्याला वळसा घालून जाते. पाऊस पडला की त्या खडकावरून पाणी ओघळते आणि ते ओघळू दिलेले आहे. इमारत खांबांवर उचललेली असल्यामुळे कड्यावरून उतरणारे पावसाचे पाणी तिच्या खालून आपल्या जुन्या वाटेने तलावाकडे जाते, आणि लहानमोठे प्राणीही त्याच वाटेने ये-जा करू शकतात.

माझ्या दृष्टीने या हॉटेलातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे, आणि ती काँक्रीटमुळेच शक्य झाली हेही सांगितले पाहिजे. चिऱ्याच्या किंवा विटांच्या भारवाही भिंतींना जमिनीत सलग पाया लागतो. उतारावर तो पाया म्हणजे पाणी अडवणारा बांधच होतो, आणि अडलेले पाणी भिंतीतून ओल धरते किंवा पायाखालची माती वाहून नेते. काँक्रीटच्या चौकटीला मात्र ठिकठिकाणी खांब टेकले की पुरते, मधली जमीन आहे तशी राहते. जंगलात काँक्रीट का वापरावे, या प्रश्नाला माझ्यापुरते पटणारे उत्तर हे एकच आहे: कमीत कमी जमिनीला स्पर्श करून उभे राहण्याची त्याची ताकद. दिसायला ते आधुनिक वाटते, हे कारण फार तर दुय्यम म्हणावे. कोकणात उतारावरची जमीन घेतलेल्या प्रत्येकाने प्लिंथ (जोते) भरून घ्यायचे आणि पुढे संरक्षक भिंत बांधायची हे ठरवण्यापूर्वी, तेवढ्याच खर्चात काही खांब उंच करून घर उचलता येईल का, हे आपल्या संरचना अभियंत्याला विचारून पाहावे. घराखालची कोरडी, हवेशीर जागा वाळवीच्या आणि ओलीच्या बंदोबस्तालाही मदत करते, कारण खांबांवरून चढणारी वाळवीची मातीची नळी डोळ्यांना दिसते. भरावाच्या आतून ती वर आली तर चौकट पोखरली गेल्यावरच कळते.

वेलींविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण सगळ्यांचे लक्ष त्यांच्याकडेच जाते. कंदलामाच्या दर्शनी बाजूला काँक्रीटच्या चौकटीपुढे लाकडाची एक दुसरी चौकट आहे, आणि वेली प्रामुख्याने तिच्यावर चढवलेल्या आहेत. म्हणजे ऊन आधी पानांवर, मग लाकडावर आणि त्यानंतर उरलेसुरले काँक्रीटवर पडते. काँक्रीट दिवसभर ऊन पिते आणि रात्री ते खोलीत सोडते; उष्ण प्रदेशात उघड्या काँक्रीटच्या घरात रात्री दहा वाजता जी घालमेल होते ती यामुळे. काँक्रीटवर ऊन पडूच न देणे हा त्यावरचा उपाय आहे, आणि इथे तो पूर्ण पाळला आहे. आपल्याकडे मात्र वेल थेट भिंतीवर सोडली जाते. तिची मुळे बारीक भेगांत शिरतात, पानांमागे ओल कोंडते, आणि भिंत तपासायची किंवा रंगवायची झाली तर सगळी वेल तोडावी लागते. भिंतीपासून हात-दीड हात अंतर सोडून लाकडाची किंवा जस्तलेपित लोखंडाची जाळी उभी केली तर मध्ये हवा खेळते आणि दुरुस्तीला माणूस आत उभा राहू शकतो. यात एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी की हॉटेलाकडे माळ्यांची फौज असते. वेल छाटणारे, पन्हळीतला पाचोळा काढणारे हात वर्षभर कामाला असतात. मुंबई-पुण्यात राहून महिन्यातून दोन दिवस कोकणात जाणाऱ्या कुटुंबाकडे ते नसतात, आणि त्यांनी हिरवाईचे प्रमाण आपल्या हातांच्या संख्येनुसार ठरवावे हे बरे.

त्यानंतर छप्पर. कंदलामाची छपरे सपाट काँक्रीटची आहेत आणि त्यांवर माती टाकून झाडे लावलेली आहेत. वरच्या मजल्यावरून खाली पाहिले की छप्पर दिसतच नाही, रानाचाच एक तुकडा दिसतो. मातीमुळे स्लॅब तापत नाही, हा फायदा उघड आहे. पण दंबुल्ला हा श्रीलंकेच्या कोरड्या पट्ट्यातला भाग आहे. तिथे वर्षाचा पाऊस १,७५० मिलिमीटरच्या आत असतो आणि त्यातला मोठा वाटा ऑक्टोबर ते जानेवारी या महिन्यांत येतो. भोवतालचे रानही सदाहरित घनदाट वर्षावन नव्हे.  कोकणात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस मुख्यतः चार महिन्यांत कोसळतो, आणि आंबोलीसारख्या घाटमाथ्यावर तो सात हजारांच्याही पुढे जातो. त्यात वाऱ्याबरोबर येणारी आडवी झड वेगळी. या दोन हवामानांना एकच छप्पर चालेल असे समजणे ही मोठी गफलत आहे, आणि ती बावांनी स्वतः केली नाही. त्यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस बेंतोटाजवळ लुनुगंगा ही रबराची बाग विकत घेतली आणि आयुष्यभर ती घडवली. तो श्रीलंकेचा नैर्ऋत्येकडचा भिजका पट्टा आहे, पाऊस आपल्या कोकणाच्या जवळ जाणारा. आणि तिथल्या घरांना उतरती, पुढे खोल झुकलेली कौलारू छपरे आहेत. सिमेंटच्या पन्हळी पत्र्यावर अर्धगोल कौले बसवण्याची जी पद्धत त्यांनी रूढ केली, तिच्यात पाणी अडवण्याचे काम पत्रा करतो आणि ऊन अडवण्याचे काम कौल. माणूस एकच, पण कोरड्या भागात सपाट स्लॅब आणि भिजक्या भागात उतरते कौल. कंदलामाचा दाखला देऊन कोकणात सपाट स्लॅब सुचवणाऱ्या वास्तुविशारदाला लुनुगंगेविषयी जरूर विचारावे.

कोकणातल्या कुठल्याही गावातून फेरफटका मारला तर सपाट स्लॅबच्या घरांवर लोखंडी सांगाडा करून निळा किंवा लाल पत्रा चढवलेला दिसतो. हौसेने कोणी तो चढवलेला नाही. गळतीवर रसायने फासून, कोबा करून, पुन्हा कोबा करून थकल्यावर लोक त्या निर्णयाला आलेले असतात. मग पत्र्याचा खर्च शेवटी करायचाच असेल तर पहिल्या दिवशीच स्लॅबवर योग्य उताराचे, भिंतींच्या बाहेर चार-पाच फूट येणारे छप्पर वेगळे उभारावे, स्लॅब आणि छप्पर यांत हवा खेळू द्यावी, आणि त्याची रचना घराच्या मूळ आकृतीत सामावून घ्यावी. असे छप्पर घराला कमी आधुनिक करते, हा समज मला मुळीच मान्य नाही.

ज्यांना तरीही मातीचे, झाडांचे छप्पर हवे आहे त्यांनी वजनाचा हिशोब आधी करून घ्यावा. पाण्याने पूर्ण भिजलेली माती एका घनमीटरला साधारण १,८०० ते २,००० किलो भरते. म्हणजे वीतभर, सुमारे पंधरा सेंटिमीटर थर जरी टाकला तरी दर चौरस मीटरला ३०० किलोच्या आसपास भार कायमचा वाढतो. माणसांचा वावर असलेल्या साध्या गच्चीसाठी जो भार धरला जातो तो सुमारे दीडशे किलोचा असतो. गच्ची झाल्यावर हौस म्हणून माती टाकणे त्यामुळे धोक्याचे आहे. शिवाय जलरोधक थर, त्यावर मुळे अडवणारा थर, त्यावर पाणी वाहून नेणारा खडीचा किंवा तत्सम थर आणि मग माती, हा क्रम चुकला तर गळती कुठून आहे हे शोधण्यासाठी सगळी बाग उपसावी लागते. माती टाकण्यापूर्वी गच्चीत काही दिवस पाणी भरून ठेवून खालून तपासणे हे टाळता न येणारे काम आहे.

कंदलामात काँक्रीटचे काम जवळून पाहण्यासारखे आहे. खांब गडद रंगात आहेत, जमिनीला घोटलेले सिमेंट आहे, तपशील फार थोडे आहेत आणि सजावट जवळजवळ नाही. एवढ्या साधेपणामुळे नजर आपोआप बाहेर जाते. तीस वर्षे ओलावा, वेली आणि माकडे यांच्या सहवासात राहूनही ही चौकट उभी आहे, याचे श्रेय त्या साधेपणालाही आहे: पाणी साचेल अशा खोबणी आणि नक्षी कमी, आणि ऊन-पावसाचा थेट मारा कमी. कोकणात हेच काम करायचे असेल तर काँक्रीटच्या कामाचे भारतीय मानक आयएस ४५६ आपल्या बाजूने पुरेसे स्पष्ट बोलते. जोरदार पाऊस आणि आळीपाळीने भिजणे-सुकणे सोसणारे काँक्रीट, तसेच किनारपट्टीच्या हवेतले काँक्रीट, हे त्यात तीव्र परिस्थितीच्या गटात मोडते. त्यासाठी किमान एम-३० प्रतीचे काँक्रीट, पाणी आणि सिमेंट यांचे प्रमाण जास्तीत जास्त ०.४५, आणि सळईवर काँक्रीटचे ४५ मिलिमीटरचे आवरण सांगितले आहे. प्रत्यक्षात खेड्यातल्या साइटवर काय होते? घमेल्याच्या मापाने माल कालवला जातो, काँक्रीट सहज सरकावे म्हणून कामगार त्यात पाणी वाढवतात, सळई शटरिंगपासून दूर ठेवणारे कव्हर ब्लॉक म्हणून खडीचे तुकडे सरकवले जातात आणि सळई काही ठिकाणी शटरिंगला टेकलेली राहते. मग हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि ओल त्या पातळ आवरणातून आत पोचतात, काँक्रीटचा अल्कधर्मी गुण कमी होतो, सळई गंजते, गंज फुगतो आणि स्लॅबचे पोपडे निघून गज उघडे पडतात. किनाऱ्याजवळ खाऱ्या हवेमुळे हे आणखी लवकर घडते.

प्लास्टर न करता काँक्रीट उघडे ठेवायचे असेल तर हा सगळा काटेकोरपणा दुप्पट लागतो, कारण मग चुका झाकायला काहीच उरत नाही. व्हायब्रेटर (ओले काँक्रीट हलवून बसवणारे यंत्र) नीट न फिरल्यामुळे पडलेली पोकळ, खडी दिसणारी जागा, एका दिवशीचे काम थांबून दुसऱ्या दिवशी सुरू झाल्याची आडवी रेघ, शटरिंगच्या फटीतून वाहून गेलेला सिमेंटचा रस, हे सारे कायमचे दिसत राहते. पाणी मारण्याचे काम साध्या सिमेंटला किमान सात दिवस आणि राख किंवा स्लॅग (लोखंड गाळताना उरणारी मळी) मिसळलेल्या सिमेंटला किमान दहा दिवस चालले पाहिजे. जंगलातल्या साइटवर पाण्याची सोय आधी करावी लागते ती यासाठी. छज्जाच्या खालच्या कडेला पाणी तोडणारी बारीक खाच ठेवली नाही तर पागोळीचे पाणी खालच्या पृष्ठभागावरून आत वळते आणि काळे ओघळ उमटतात. शेवाळ तर येणारच. दर एक-दोन वर्षांनी पृष्ठभाग धुऊन पाणी झिडकारणारा पारदर्शक लेप देण्याचा खर्च अंदाजपत्रकात पहिल्यापासून धरावा, किंवा काळवंडलेले काँक्रीट आपल्याला आवडेल का याचा कौल घरातल्या सगळ्यांकडून आधीच घ्यावा.

खोल्यांविषयी. खोली दर्शनी बाजूने पूर्ण काचेची आहे, पुढे सज्जा आहे, आणि न्हाणीघरालाही रानाकडे उघडणारी मोठी काच आहे, त्यामुळे आंघोळ करतानाही समोर झाडांचे शेंडे असतात. सुखसोयींत उणे काढण्यासारखे काही नाही. माझा आक्षेप रचनेवर आहे. वाटेच्या बाजूने हवा एवढी मोकळी खेळत असताना खोली मात्र बंद काच आणि वातानुकूलन यंत्र यांवर विसंबते. हॉटेलाला ते करणे भाग आहे, कारण पाहुण्याला गारवा हवा असतो आणि माकडे खरोखर आत येतात. सज्जाचे दार बंद ठेवण्याची सूचना पाहुण्यांना दिली जाते. घर बांधताना हे बंधन नसते. दोन समोरासमोरच्या भिंतींत झरोके, डास अडवणारी जाळी, त्यामागे माकडाला न उचकटता येणारी मजबूत लोखंडी जाळी आणि वर कायम उघडी राहणारी लाकडी पट्ट्यांची झडप एवढे केले तर याच छेदाच्या घरात वर्षातले बहुतेक दिवस पंख्यावर निभतील. एका खोलीच्या जाडीचे घर हा कंदलामाचा धडा काचेने अर्धाच घेतला आहे, तो घरात पुरा घेता येतो.

दुसरा आक्षेप अंतरांचा आहे. सिगिरिया आणि दंबुल्ला अशा नावांच्या दोन बाजूंना पसरलेल्या या इमारतीत टोकाच्या खोलीपासून जेवणघरापर्यंत चालणे म्हणजे खरोखर रपेट होते. मला ती चाल आवडली, कारण तिच्यातच इमारत समजते. पण गुडघे दुखणाऱ्या आई-वडिलांना घेऊन जाणाऱ्यांनी आरक्षणाच्या वेळीच मधल्या भागातली, उद्‌वाहनाजवळची खोली मागून घ्यावी. घराच्या बाबतीत हाच मुद्दा अधिक गंभीर होतो. लांबट, पायऱ्यापायऱ्यांनी उतरणारी घरे चाळिशीत फार मोहक वाटतात. स्वयंपाकघर, एक झोपण्याची खोली आणि न्हाणीघर हे एका पातळीवर ठेवण्याची अट नकाशा काढणाऱ्याला पहिल्या दिवशी घालावी.

या हॉटेलाला सुरुवातीला मोठा विरोध झाला होता, तेही नमूद करायला हवे. १९९० च्या दशकाच्या आरंभी बौद्ध भिक्खू आणि पर्यावरणप्रेमी या दोघांनीही आंदोलन केले. दंबुल्लाच्या लेणी-मंदिराजवळ असे हॉटेल नको आणि गावे ज्या तलावावर अवलंबून आहेत तो सांडपाण्याने खराब होईल, ही त्यांची भीती होती. ती भीती अवाजवी नव्हती. सांडपाण्यावर प्रक्रिया करून ते पाणी पुन्हा बागेला वापरण्याची जी व्यवस्था हॉटेलने उभारली ती पाहता येते, आणि अमेरिकेच्या ग्रीन बिल्डिंग कौन्सिलचे पर्यावरणपूरक इमारतींसाठीचे ‘लीड’ प्रमाणपत्र मिळवणाऱ्या जगातल्या अगदी पहिल्या हॉटेलांत त्याची गणना होते. माझे मत विचाराल तर विरोध झाला म्हणूनच इमारत अधिक जबाबदार झाली. जंगलातल्या आपल्या घराच्या शोषखड्ड्याचे पाणी उताराच्या खाली कोणाच्या विहिरीत जाते, हा प्रश्न आपल्याकडे ना मालक विचारतो ना ठेकेदार. तो विचारायला ग्रामपंचायतीची वाट पाहू नये.

एवढी मोठी इमारत पाहून घराच्या मापाचे काय, असे वाटणाऱ्यासाठी बावांचेच आणखी एक काम आहे. १९६० च्या दशकात त्यांनी आणि त्यांचे डॅनिश सहकारी उलरिक प्लेस्नर यांनी पोलोन्तलावा येथील मळ्यात व्यवस्थापकासाठी बंगला बांधला. जागेवर प्रचंड खडक विखुरलेले होते. ते फोडून जागा मोकळी करण्याऐवजी त्या दोघांनी काठ्या आणि दोऱ्या घेऊन जागेवरच घराची आखणी केली, आणि खडकांवरच काँक्रीटच्या तुळया टेकवून छप्पर पेलले. कंदलामात कड्याला दिलेला मान तीस वर्षे आधी इथे एका घराच्या आकारात दिसतो. ज्यांच्या जमिनीत कातळ आहे, आणि कोकणात तो बहुतेकांच्या जमिनीत असतो, त्यांनी सुरुंग लावण्याची परवानगी मागण्याआधी या बंगल्याची छायाचित्रे जरूर पाहावीत.

बाकी सेवेविषयी थोडक्यात. कर्मचारी अगत्यशील आहेत आणि इमारतीविषयी विचारले तर आनंदाने दाखवतात. जिन्यावर पंख पसरलेले प्रचंड घुबड हे श्रीलंकेचे कलावंत लाकी सेनानायके यांचे शिल्प आहे. ते चुकवू नये. जेवणात इडियाप्पम (तांदळाच्या पिठाच्या शेवया), नारळाची पोल सांबोल ही तिखट चटणी आणि नारळाच्या रसातली डाळ कोकणी माणसाला परकी वाटणार नाही, आणि शाकाहारी माणसाची आबाळ होत नाही. मुक्कामाचा दर खिशाला जड आहे; तेवढा खर्च करायचा नसेल तर दुपारच्या जेवणापुरते येता येईल का हे आधी फोन करून विचारावे, कारण इमारत समजायला अर्धा दिवस पुरतो. रात्री खोलीत राहून तिचा गारवा आणि आवाज अनुभवायचे असतील तर मात्र मुक्कामाला पर्याय नाही.

कोलंबोपासून दंबुल्ला रस्त्याने सुमारे दीडशे किलोमीटर आहे आणि प्रवासाला चार तासांच्या आसपास लागतात. बहुतेक प्रवासी कोरड्या महिन्यांत जातात, कारण सिगिरिया चढायचा असतो. घर बांधण्याचा विचार असलेल्यांनी मात्र नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, पावसात जावे. कड्यावरचे पाणी कुठून उतरते, कुठे अडवले आहे, कुठे सोडून दिले आहे, वाटेवर झड किती आत येते आणि सज्जाच्या कडेवरून थेंब कसे तुटतात, हे तेव्हाच पाहता येते. परतण्यापूर्वी कोलंबोच्या दक्षिणेला बेंतोटाला जाऊन लुनुगंगा पाहावी. तिथेही राहण्याची सोय आहे. सोबत मोजपट्टी आणि वही असू द्यावी, आणि जमल्यास आपल्या घराचा ठेकेदारही.